दही लागेपर्यंत

"ठिपका वास घेतो म्हणतोस?" शेषम्मांनी विचारलं.

"हो अत्ते," कार्तिक म्हणाला. "डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला असतो. अन्न नासायला लागलं की त्यातून वाफा सुटतात. आपल्याला कळायच्या आधी त्याला कळतात. हिरव्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा लाल."

"रामाच्या आधी?"

"काय रामाच्या आधी?"

"वास रामाच्या आधी घेतो काय म्हणून विचारते मी."

कार्तिकने हातातल्या ठिपक्याकडे पाहिलं. चेन्नईच्या एका पॅकिंग कंपनीत तो इंजिनियर होता. अशा ठिपक्यांवर त्याने दोन वर्षं घालवली होती, पण हा प्रश्न त्याला कुठल्याही सेमिनारात कुणी विचारला नव्हता.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी मंडळींचं लहानसं रामाचं देऊळ आहे. रामनवमी झाली की तिथे नऊ दिवस उत्सव चालतो. दुपारी चार वाजता सेतुमाधवबुवा कीर्तनाला उभे राहतात, साडेसातला आरती होते आणि मग दध्योदनाचा, म्हणजे दहीभाताचा प्रसाद. हे दध्योदन एकेचाळीस वर्षं शेषम्मा करत होत्या. सोवळ्यात. नैवेद्य दाखवीपर्यंत त्यातला कण जिभेवर ठेवायचा नाही, आणि वासही घ्यायचा नाही, कारण वास घेणं म्हणजे अर्धं जेवणं. शेषम्मा पदर नाकावरून घट्ट बांधून भात घोटत. मीठ मुठीच्या मापाने, आलं नखाच्या मापाने. बाकी रामाच्या भरवशावर.

ट्रस्टचे सेक्रेटरी वरुणराव यांना हा भरवसा पुरेसा वाटत नव्हता. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळीकडे सुधारणा दिसू लागल्या होत्या. "देशाचे दरवाजे उघडून पंधरा वर्षं झाली," ते म्हणत, "आणि आपल्या देवळाची खिडकीसुद्धा उघडत नाही." खिडकी त्यांनी पाहून ठेवली होती. कार्तिक त्यांचाच भाचा. उत्सवाचे शेवटचे चार दिवस प्रसाद कंपनीच्या बंद डब्यांतून वाटायचा, रोज एकशेआठ डबे. ठिपक्याची परीक्षा होईल आणि बदल्यात कंपनी सभामंडपाला पंखे देईल.

"आणि ठिपका लाल झाला तर?" शेषम्मांनी विचारलं होतं.

"तर पुढं केटरर," वरुणराव म्हणाले होते. "वैनी, तुमचं वय झालं. चाखायचं नाही, हुंगायचं नाही, मग चांगलं झालंय म्हणून कोण सांगायचं? आता ठिपका सांगेल. हिरवा राहिला तर तुम्ही आहात तोवर ही चूल तुमची."

शेषम्मांनी "सरि", म्हणजे बरं, म्हटलं होतं. एकेचाळीस वर्षांत त्यांचं दध्योदन एकदाही बिघडलं नव्हतं. घरी सुनेने गॅस, मिक्सर आणि फ्रिज असं सगळं राज्य घेतलं होतं. शेषम्मांचं स्वतःचं म्हणून जे उरलं होतं, ते देवळातली ही चूल, एक कल्हईची पितळी हंडी आणि एक लांब दांड्याचा डाव.

वासाचा प्रश्न शेवटी सीतारामरावांकडे गेला. गल्लीत शास्त्राचा निवाडा तेच देत. त्यांनी ठिपका हातावर घेऊन उलटासुलटा पाहिला.

"यात असतं काय?"

"चांदीचे कण," कार्तिक म्हणाला. "नॅनो. एका केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग केले तर–"

"कशाला करायचे?" शेषम्मा म्हणाल्या.

"चांदी ना?" सीतारामराव खुलले. "मग झालं! चांदीला विटाळ नाही. नाकाने घेतला तर तो वास. चांदीला नाक कुठलं?"

"किती चांदी आहे त्यात?" शेषम्मांनी विचारलं.

"डोळ्यांना दिसणार नाही एवढी."

"म्हणजे वरुणरावांच्या भक्तीएवढी," असं म्हणत शेषम्मांनी पदर नाकावर ओढला आणि त्या भात घोटायला बसल्या.

त्यांची रीत ठरलेली होती. चार वाजता बुवांनी नमन धरलं की मऊ घोटलेल्या भातात कोमट दूध ओतायचं आणि त्यात एक डाव विरजण. दही घालून कालवलेला भात दोन तासांत आंबट होतो. पण दूध घालून विरजलेला भात कीर्तनासोबत पिकतो. पूर्वरंगात तो दूधभात असतो, मध्यंतरी नामघोषाला घट्ट व्हायला लागतो, आणि उत्तररंगाची कथा शेवटाला येते तेव्हा गोड, कवडीसारखं दही लागलेलं असतं. ते लागलं की नाही हे चाखून पाहायचं नाही, म्हणून शेषम्मा ऐकून पाहत. हंडीच्या कडेला डाव मारायचा. आत पातळ असेल तर हंडी वाजते 'टण्ण'. दही लागलं की वाजते 'टप्प'.

सहाव्या दिवशी एकशेआठ डबे भरून, सील करून रामासमोर रचले. हिरवे ठिपके झाकणांतून चमकत होते. हंडीत रामाच्या वाटीपुरतं आणि बुवांपुरतं ठेवलं होतं. त्या दिवशी कथा सुवर्णमृगाची. बुवांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, पण हरीण धावायला लागलं की चिपळ्यांतून खूर ऐकू यावेत! अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, कारण पुढे बसलेल्यांतल्या निम्म्यांना मराठी नुसतं कळायचं आणि निम्म्यांना कळल्यासारखं वाटायचं. पण रामाचा बाण सुटला की कोणत्याच भाषेचे डोळे कोरडे राहत नसत.

हे एरवीचं. त्या दिवशी मात्र कुणाचं बुवांकडे लक्षच नव्हतं. सहाच्या सुमारास पहिला ठिपका पिवळा झाला, आणि मृदंगावरच्या वैद्यनाथसकट सारा मंडप डब्यांकडे बघायला लागला. सातला चार लाल. सव्वासातला साठ. साडेसातला स्वयंपाकघरातून 'टप्प' असा आवाज आला, बुवांनी आरती धरली, आणि कापुराच्या उजेडात एकशेआठ डबे रामाकडे लालबुंद डोळ्यांनी पाहत होते.

आता पंचाईत. प्रसाद नाकारता येत नाही, आणि लाल ठिपका गिळता येत नाही. मंडळींनी वाट काढली. प्रत्येकाने डबा दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, "रामा रामा" म्हटलं आणि जाता जाता खांबामागे ठेवून दिला. देवळात खांब आठच. एकेका खांबामागे तेरा-चौदा डबे साचले.

बुवांनी एकट्यांनी खाल्लं. "व्वा, शेषम्मा! दही काय लागलंय!" म्हणत वर एक डबाही फोडला.

"अरे, हे नासलेलं नाही रे," शेषम्मा कार्तिकला म्हणाल्या. आता नैवेद्य झाला होता. त्यांनी घास घेऊन पाहिला, त्याच्याही तोंडात घातला. "बघ की तूच."

कार्तिकने खाल्लं. त्याचे डोळे मिटले. मग उघडले, आणि त्याने वहीत लिहिलं, 'सर्व नमुने लाल.'

"छान आहे, अत्ते. पण ठिपक्याच्या हिशेबी दूध आंबलं म्हणजे नासलं."

"त्यालाच दही म्हणतात, बाळा."

"ते खरं. पण ठिपक्याला दही शिकवलेलं नाही. हा बाहेरच्या देशात तयार झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रस्टची सभा भरली. वरुणरावांनी खाकरून सांगितलं, "वैनींचा दोष नाही." शेषम्मांचा जीव भांड्यात पडला. "दोष कीर्तनाचा आहे," ते पुढे म्हणाले. "साडेतीन तास अन्न पडून राहतं. पाऊण तासात आरती झाली तर ठिपका हिरवाच राहतो. कार्तिकने मोजलंय."

"पाऊण तासात दूधच असतं हो ते!" शेषम्मा म्हणाल्या.

"असू द्या. हिरवं असल्याशी कारण."

सातव्या दिवशी कथा सीताहरणाची. पावणेपाच वाजता रावणाने सीतेला उचलून विमानात घातलं, विमान उडालं, आणि वरुणरावांनी उठून कापूर पेटवला. घंटा सुरू झाली. बुवांचं तोंड उघडंच राहिलं. सीता आकाशात, जटायू अजून झाडावर, आणि खाली आरती.

एकशेआठ डबे हिरवे! टाळ्या पडल्या. मंडळींनी उत्साहाने डबे घरी नेले आणि रात्रीच्या जेवणासाठी ठेवले. तिथे डब्यांतल्या दुधाने जे करायचं तेच केलं. रात्री आठच्या आत गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक लाल ठिपका उगवला.

सकाळी देवळाच्या पायरीवर रांग लागली. निम्म्या लोकांच्या हातात डबे होते. उरलेल्यांची तक्रार वेगळीच होती. वेंकूबाई नावाची नव्वदीची म्हातारी काठी आपटून म्हणाली, "डबा घाला कावेरीत! सीतेला रावणाच्या हातात टाकून आरती केलीत? रातभर डोळ्याला डोळा नाही. कुठवर पोचली असेल माझी बाई?"

सीतारामरावांनी निवाडा दिला. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, त्याला मध्येच थांबवणं महापाप. आरती कधी, ते बुवाच ठरवतील. आणि आरतीआधी कुणी उठायचंही नाही, उठेल तो पुढल्या जन्मी शिवगंगा तळ्यातला बेडूक.

"सरि," वरुणराव म्हणाले. "कीर्तन बुवांचं. मग भात केटररचा." आणि शेषम्मांकडे न बघता त्यांनी पिशवीतून एक शाल काढली. म्हणजे ती आदल्या दिवशीच आणलेली होती.

शेषम्मांनी शाल घेतली. एप्रिल महिना, तंजावूरचा उकाडा. त्यांनी ती घडी तशीच मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आज हंडी घासून ठेवू काय?"

"नको. लागणार नाही."

बुवांना वरुणरावांनी बाजूला घेऊन विनवलं. "आज चेन्नईहून कंपनीचे साहेब येताहेत. पाऊण तासात आटपा, बुवा. तुमच्या पाया पडतो."

"मी कुठे लांबवतो?" बुवा निरागसपणे म्हणाले. "वेळ झाली की आटपतोच."

आठव्या दिवशी केटररचे डबे आले. भात पांढराशुभ्र, वर डाळिंबाचे चार दाणे, चारही एका रेषेत. त्यात काय घातलं होतं रामाला माहीत, पण ठिपके असे हिरवे होते की जणू नुकते उगवलेत. पुढच्या रांगेत दोन साहेब टाय लावून मांडी घालून बसले. आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच शेषम्मा बायकांमध्ये बसल्या. कीर्तन त्यांनी आजवर भिंतीपलीकडून ऐकलं होतं. बुवा गाताना डावा हात कानाशी नेतात, हे त्यांना आज कळलं.

पाऊण तास झाला. बुवांनी सीतेचं विमान जिथे सोडलं होतं तिथून धरलं. जटायू उडाला. दीड तास झाला. जटायू पडला. वरुणरावांनी घड्याळ दाखवलं. बुवांनी नमस्कार केला आणि शबरीकडे वळले. अडीच तास. साहेबांनी टाय सैल केला, मग एक पाय, मग दोन्ही. उठायची सोय नव्हती, सीतारामराव दाराशी बसून बेडूक मोजत होते. सुग्रीव भेटला. वाली मेला. साडेसात वाजले, पावणेआठ वाजले, बुवांचा आवाज फाटायला लागला, घोट घोट पाणी पीत ते गातच राहिले, आणि वानर चारी दिशांना सीतेला शोधायला निघाले.

वरुणरावांनी चिठ्ठी लिहिली. 'बुवा, आरती. केव्हाच वेळ झाली.' वैद्यनाथने ती मृदंगावरून पुढे सरकवली. बुवांनी ती वाचली, आणि ताल न सोडता पदातच उत्तर दिलं,

"हंडी वाजेना, बाई, हंडी वाजेना!
शेषम्माची टप्प आज का गे ऐकू येईना?"

मंडपाने ते पद समजून टाळ धरला. शेषम्मांच्या अंगावर मात्र काटा आला. एकेचाळीस वर्षं त्या बुवांच्या कीर्तनावर दही मोजत होत्या. आणि एकेचाळीस वर्षं हा माणूस त्यांच्या दह्यावर कीर्तन मोजत होता. भिंतीपलीकडून. कधी एका शब्दाने बोलला नाही.

वरुणराव गुडघ्यांवर रांगत त्यांच्याजवळ आले. "वैनी, जा, वाजवा ती हंडी! लवकर!"

शेषम्मा आत गेल्या. त्यांनी डाव मारला. टण्ण!

बाहेर बुवांचा आवाज आनंदाने चढला. "अजून दूधच! तर मग श्रोते हो, सवडीने ऐका, समुद्र किती रुंद होता–"

"अहो, टण्ण काय वाजवता?" वरुणराव दारात आले होते. ते देवळाबाहेर पडले नसल्याने सीतारामरावांनी त्यांना बेडकांत धरलं नव्हतं. "टप्प वाजवा!"

"रिकामी हंडी टप्प कशी वाजेल?"

"मग काय करायचं?"

"भरावी लागेल," शेषम्मा म्हणाल्या.

पुढचा पाव तास देवळाच्या स्वयंपाकघरात जे चाललं, ते कार्तिकने वहीत लिहिलं नाही. मामा आणि भाचा रामासमोरचे सीलबंद डबे चार-चार करून आत आणत होते, दातांनी प्लास्टिक फाडत होते आणि भात हंडीत उपडा करत होते. साठ डब्यांनंतर शेषम्मांनी डाव मारला, पण दह्यासारखा तो सुटा भात हंडीला धरत नव्हता. टण्ण. बाहेर मारुती समुद्रात सुरसेशी बोलत होता. नव्वद झाले. टण्ण. वरुणराव रडकुंडीला आले. एकशेआठावा डबा रिकामा झाला, शेषम्मांनी वरून डाव दाबला, आणि मारला.

टप्प.

"जानकीजीवनस्मरण!" बुवा म्हणाले. शब्द पुरता व्हायच्या आत सगळा मंडप आरतीला उभा राहिला. साहेबांना दोघांनी धरून उभं केलं.

डबे फुटले होते, म्हणून प्रसाद द्रोणांतून वाटला. शेषम्मांनी स्वतः, त्यांच्या हंडीतून, त्यांच्या डावाने. वेंकूबाईंनी पहिला घास घेतला आणि बोळकं तोंड भरून हसल्या.

"हां! ही आमच्या शेषम्मांच्या हातची चव. ते डब्यातलं कोण खाईल?"

"एकेचाळीस वर्षं, पण तीच चव!" सीतारामराव बोटं चाटत म्हणाले.

"वैनी, आज तर नेहमीपेक्षा बरं झालंय," मागून कुणी तरी म्हणालं, आणि पुन्हा द्रोण पुढे केला.

शेषम्मा वाढत राहिल्या. शेवटी त्यांनी हंडीच्या तळाचं बोटभर घेऊन जिभेवर ठेवलं. ना गोड, ना आंबट. त्यांनी मान वर करून मंडपातल्या एकेका तोंडाकडे पाहिलं. लग्नं, बारशी, म्हातारपणं, सगळी त्यांच्या दह्यावर झालेली तोंडं. मग खांबाशी बसलेल्या बुवांकडे पाहिलं. बुवांचा द्रोण भरलेला होता. त्यांनी एक घास खाऊन तो खाली ठेवला होता आणि ते शेषम्मांकडेच बघत होते.

कोपऱ्यात टोपलीभर फाटकी झाकणं पडली होती. सगळे ठिपके हिरवे.

उत्सवानंतर ट्रस्टने एकमताने ठराव केला. पुढल्या वर्षापासून भात केटररचाच, पण तो शेषम्मांच्या हंडीत ओतून त्यांच्या हातून वाढावा, कारण लोकांना तीच चव आवडते. हंडीच्या झाकणाला आतून कंपनीचा ठिपका लावावा. आणि कीर्तन सुरू झाल्यापासून पाऊण तासाने शेषम्मांनी हंडी वाजवावी. वरुणरावांनी शेषम्मांच्या घरी जाऊन ठराव वाचून दाखवला. "बघा, चूल गेली तरी जागा तुमचीच ठेवली," ते म्हणाले.

पुढल्या वर्षी पंखे फिरत होते. चार वाजता बुवांनी नमन धरलं. स्वयंपाकघरात शेषम्मा सोवळं नेसून, पदर नाकावर बांधून, गार चुलीशेजारी बसल्या होत्या. पुढ्यात काठोकाठ भरलेली हंडी, मांडीवर डाव. पावणेपाचला वरुणराव घड्याळ घेऊन दारात आले.

"वैनी, वेळ झाली. वाजवा."

शेषम्मांनी हंडीचं झाकण उचलून पाहिलं. झाकणातला ठिपका हिरवागार होता.

"अजून लागलं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, ते लागूनच आलंय! दुपारीच केटररने–"

"मला कसं कळायचं? चाखायचं नाही, हुंगायचं नाही." त्यांनी डाव मांडीवर नीट आडवा ठेवला. "लागलं की वाजवते."

"कधी लागेल?"

भिंतीपलीकडे बुवांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला, आणि अयोध्येचं वर्णन पहिल्यापासून सुरू केलं.